जुनी खेळण्यातली आगगाडी घरी आली? वीज देण्याआधी हे वाचा

आजोबांच्या पेटीत, जुन्या रेल्वे क्वार्टरच्या माळ्यावर, नाहीतर भंगाराच्या ढिगात सापडलेली आगगाडी घेऊन लोक आमच्या दुकानात येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पयते का जी?" आमचा उलटा प्रश्नही ठरलेला. पळते का ते बघू, पण घरी वीज तर नाही ना लावून पाहिली? साठ-सत्तर वर्षं गप्प पडून राहिलेली गाडी त्या मुक्कामात फारशी बिघडत नाही. बिघडते ती सापडल्याच्या पहिल्या संध्याकाळी, घरातली पोरं भोवती जमलेली असताना.

आमचं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी उघडता उघडता एका गिऱ्हाइकाने बोटाएवढ्या मोटरीचं इंजीन समोर ठेवलं. तेव्हापासून एका टेबलावर पंप अन् दुसऱ्यावर आगगाड्या, असा आमचा संसार चालू आहे.

तुमची गाडी खाते काय?

काही गाड्या वीज खातच नाहीत. हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या १९२० सालापासून लिव्हरपूलला बनू लागल्या. रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे ओ गेज. इंजिनाच्या कुशीला चावीचं भोक दिसलं की ती चावीची. चावी अर्धीच द्या, गाडी रुळावर ठेवा, मगच सोडा. हातात उचलून चाकं हवेत भिरभिर फिरवायची हौस अनेकांना असते. त्यात दातेरी चाकांचे दात जातात. खेळ संपला की स्प्रिंग पूर्ण उतरू द्या.

विजेच्या गाड्यांत तीन जाती लक्षात ठेवल्या तरी पुरे. ब्रिटिश हॉर्नबी डब्लो १९३८ साली आली. ती १२ व्होल्ट डीसीवर चालते, पण जुन्या डब्लोच्या वाटेला मध्ये तिसरा रूळ असतो. दोन रुळांची डब्लो १९५९ साली आली. जर्मन मार्कलिन एसीवर चालते, साधारण १६ व्होल्टपर्यंत, आणि दिशा बदलायला तिला २४ व्होल्टचा एक झटका द्यावा लागतो. अमेरिकन लायोनेलही एसीवरच चालते, पण तिचा ट्रान्सफॉर्मर तिथल्या ११०-१२० व्होल्टसाठी केलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसला की धूर निघणारच. स्टेपडाउन, म्हणजे २३० व्होल्टचे ११० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर, लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. शिवाय तो तिकडच्या ६० हर्ट्झचा आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो जरा जास्त तापतो. अर्धा तास चालवा, मग विसावा द्या.

डीसीच्या इंजिनाला एसी दिली तर ते जागीच गुणगुणतं आणि तापतं. बराच वेळ तसंच ठेवलं तर आतल्या चुंबकाचा जोर जातो. पाहुणा समोर बसला आहे म्हणून "बघू तरी" करू नका.

ओळखायची सोपी खूण चाकांत आहे. मल्टिमीटरची एक तार डाव्या चाकाला, दुसरी त्याच धुरीवरच्या उजव्या चाकाला लावा. बीप वाजला तर दोन्ही चाकं आतून जोडलेली आहेत, म्हणजे ती गाडी तीन रुळांची. दोन रुळांच्या वाटेवर ती ठेवताच शॉर्ट होईल. पोटाखाली घसरत जाणारी धातूची पट्टी दिसली तरी अर्थ तोच. पाणबुडी मोटरीसाठी घरात मल्टिमीटर असतोच, तो इथेही चालतो.

बॅटरीबद्दल, कळकळीने

लाइट गेली की गाडी थांबते, म्हणून एका गिऱ्हाइकाने ट्रॅक्टरची बॅटरी सरळ रुळाला जोडली. १२ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्ट, हिशेब बरोबर होता. वळणावर इंजीन घसरून आडवं पडलं, दोन्ही रूळ त्याच्या अंगाने जोडले गेले, आणि तारेचं प्लॅस्टिक वितळून दिवाणावरच्या चादरीला भोक पडलं. इंजीन आमच्याकडे आलं तेव्हा पुढच्या दोन चाकांच्या कडा वितळून थेंबासारख्या झाल्या होत्या. व्होल्टचा दोष नव्हता. ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो ॲम्पिअर ओतू शकते, आणि या जुन्या इंजिनाला अर्धा, फार तर एक ॲम्पिअर लागतो.

बॅटरीवरच चालवायची असेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची छोटी बॅटरी बरी. तिच्या तोंडाशीच एक ॲम्पिअरचा फ्यूज हवाच, आणि पुढे वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर. नुसती बॅटरी जोडली तर गाडी उभ्याची एकदम धावते आणि पहिल्याच वळणावर पडते. फ्यूज आणि कंट्रोलर बसवून तयार डबा आमच्याकडे मिळतो.

आपल्या हवेचा त्रास

विलायती पुस्तकात सांगितलेली काळजी इथे अर्धीच उपयोगी पडते. तिकडे ना कूलर, ना जिनिंग.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपण खोलीत कूलर लावतो. कूलर म्हणजे पाणी. लोखंडी रूळ कूलरच्या झोतात आठवडाभर राहिले की तांबूस होतात, पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही. गंज आणि मळ काढायला पॉलिश पेपर वापरू नका. रेघा पडतात आणि त्या रेघांत मळ अजून घट्ट बसतो. मऊ सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. नवे रूळ घ्यायचे तर निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं, पण ते गंजत नाही.

उन्हाने रूळ लांबतातही. पाच मीटरच्या निकेल सिल्व्हर वाटेला तीस अंशांच्या फरकात दोन-अडीच मिलिमीटरची वाढ होते. जानेवारीत सांधे गच्च बसवले तर मेमध्ये वाट उचलते. सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. पत्र्याखालच्या खोलीत गाड्या ठेवूच नका. पन्नाशीच्या दशकातल्या ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीच्या काही इंजिनांचं प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं, ते आपोआपच वाकडं होतं, उन्हात तर लवकर.

कापसाचं म्हणाल तर हंगामात जिनिंगजवळच्या घरातून येणारी इंजिनं आम्ही उघडण्याआधीच ओळखतो. धुरीवर पांढरा रुवा गुंडाळून सुताच्या रिळासारखा घट्ट झालेला असतो, आणि त्याने तेल पिऊन चाक जाम केलेलं असतं. टोकदार चिमट्याने ओढून काढा. कात्री आत घालू नका, जवळच आर्मेचरच्या, म्हणजे मोटरीच्या फिरणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या तारा असतात.

आणि खोबरेल तेल. हात जोडून सांगतो, नको. डिसेंबरच्या थंडीत ते बाटलीत गोठतं तसंच गिअरमध्येही गोठतं, आणि जुनं झालं की चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल, सुईच्या टोकावरून एक थेंब. कार्बनवर आणि तो ज्याला घासतो त्या तांब्याच्या कॉम्युटेटरवर तेवढाही नको.

जे दुरुस्त होत नाही

युद्धाआधीच्या इंजिनांत ओतीव जस्ताचे भाग असतात. त्या जस्तात थोडं शिसं मिसळलेलं असेल तर वर्षानुवर्षं ते आतून फुगतं आणि फुटतं. उन्हाळ्यातल्या काळ्या रानाला पडतात तशा बारीक भेगा चाकांवर दिसल्या तर घेताना पैसे त्या हिशेबाने द्या. यावर औषध नाही. चाकं बदलता येतात, पण सांगाडाच फुगला असेल तर आम्ही स्वच्छ सांगतो की ही कपाटात शोभेल, पळणार नाही.

रंगाचंही तसंच. खरचटलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा. रंगवून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही आधी दोनदा विचारतो. थिनर आणि रॉकेलने पुसलेली गाडी मात्र बघवत नाही. छापील अक्षरं निघून गेलेली असतात. डब्लोचं आर्मेचर घरी काढू नका, त्याच्याविना नुसतं राहिलं की चुंबक अशक्त होतं. ते परत चुंबकित करायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण खर्च कशाला?

"शकुंतला मिळेल का?"

हे विचारल्याशिवाय आमच्या भागात कुणी दुकानातून जात नाही. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर वाटेवरची आपली नॅरोगेज गाडी. तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं इंजीन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं, आता ती गाडीच बंद आहे. तयार मॉडेल बाजारात मिळत नाही, करावं लागतं. हिशेब सोपा आहे. शकुंतलेचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. एचओ म्हणजे ८७ पट लहान, म्हणून तो येतो पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. वाट एनची घ्या, घरं, झाडं, माणसं एचओची. डोळ्याला फरक कळत नाही.

आपल्या ब्रॉडगेजचं मात्र जुळत नाही. १६७६ ला ८७ ने भागा, १९ मिलिमीटरच्या वर जातं, आणि एचओचा रूळ १६.५ चाच. इंजीन जरा चिंचोळ्या वाटेवर उभं दिसतं. आम्ही ते चालवून घेतो. तुम्हाला खटकत असेल तर आधी सांगा. नॅरोगेजचे डबे करायचे असतील तर टेप घेऊन नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात एक दिवस घालवा. फोटोवरून मापं काढू नका.

वाटेसाठी फार जागा लागत नाही. हॉर्नबीच्या १६.५ मिलिमीटरच्या वाटेतल्या सर्वांत आखूड वळणाची त्रिज्या ३७१ मिलिमीटर, म्हणजे सहा बाय चारच्या दिवाणाएवढ्या प्लायवर लंबगोल आरामात बसतो.

दुकानात येताना

तपासणीचे पैसे घेत नाही. उघडून बघतो, दोष तुमच्यासमोर दाखवतो, तुम्ही हो म्हणाल तरच हात लावतो. बाजाराच्या दिवशी दुकान बंद, आणि पेरणीच्या दिवसांत पंपांचं काम आधी, तेव्हा गाड्यांना उशीर होतो. इंजीन जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणा, वर्तमानपत्रात नको, शाई उठते. सोबत ट्रान्सफॉर्मर आणि मूळ खोकं फाटकं असलं तरी आणा. चावी हरवली असेल तर गाडी तशीच आणा. खिट्टीचं माप घेऊन आम्ही चावी करून देतो.