‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं मशीन का म्हणतं, त्याची मागची गोष्ट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ते उतरल्यावर दोन-तीन महिने आम्ही सांगलीतले कॉम्प्युटर दुरुस्तीवाले दुसरं काही करतच नव्हतो. गाळ भरलेले सीपीयू, गंजलेले एसएमपीएस (वीज पुरवणारे डबे), आणि त्यातनं हार्डडिस्क वाचतीय का बघायचं. गणपती पेठेतले एक व्यापारी आले, त्यांनी पाणी वाढायच्या आधी शहाणपणानं डिस्क काढून घरी वरच्या मजल्यावर नेली होती, कोरडी ठणठणीत. नवीन मशीन घेतलं, त्यात ही डिस्क लावली, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे मशीन सुरू करून देणारी डिस्कच सापडत नाही. "डिस्क गेली बघा, अकरा वर्षांचा हिशोब गेला," असं म्हणून ते स्टुलावर बसले ते बोलेचनात.

डिस्क गेली नव्हती. नवीन मशीनवर विंडोज किंवा लिनक्स मारताना जे काय अडतं त्यातलं बरंचसं असंच असतं, सामान चांगलं असतं पण एक वस्तू एका काळातली आणि दुसरी दुसऱ्या काळातली. म्हणून हे सगळं कुठनं आलं ते एकदा नीट लिहावं असं वाटलं.

सुरुवात १९८१ ची. आयबीएमनं पहिला पीसी काढला, त्यात ८ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या चिपमध्ये, बायोस होता, मशीन जागं करणारा पहिला प्रोग्रॅम. बटण दाबलं की तो मेमरी, कीबोर्ड तपासायचा, फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा तुकडा, मेमरीत उचलायचा आणि कारभार त्याच्या हातात द्यायचा, बास, फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. पुढं कॉम्पॅक आणि फिनिक्सवाल्यांनी आयबीएमचा कोड न उचलता तसंच वागणारा बायोस लिहिला आणि मग पीसी कुणीही बनवायला लागलं, पण त्याबरोबर ती पहिला सेक्टर उचलायची सवय सगळ्या जगाच्या गळ्यात पडली ती तीसेक वर्षं सुटली नाही.

१९८३ ला हार्डडिस्कवाला पीसी आला, १० एमबीची डिस्क, आणि तिच्यासाठी डॉस २.० नं पहिल्या सेक्टरात एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, ठेवला. तो सेक्टर ५१२ बाइटचा. ४४६ बाइट कोडला, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी, शेवटचे दोन बाइट खूण म्हणून. चारच प्रायमरी पार्टिशन का पडतात असं पोरं विचारतात ना, ते एवढ्यामुळं, १६ बाइटची एक नोंद आणि जागा ६४ ची. आणि सेक्टर नंबरला ३२ बिट ठेवले, म्हणून २ टीबीच्या पुढची डिस्क एमबीआरला मोजताच येत नाही. १० एमबीच्या काळात २ टीबीचा विचार कुणी करावा, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मधल्या काळात आणखी भिंती लागल्याच, आधी ५०४ एमबीची, मग ८ जीबीची. त्या दुसऱ्या भिंतीमुळं जुन्या लिनक्सचा लिलो नावाचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) असला तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरच्या (गोल पट्ट्यांच्या) आत ठेवावं लागायचं, नाहीतर चालू असलेलं मशीन एका अपडेटनंतर बूट घ्यायचं बंद.

सीडीवरनं बूट घेणं हेसुद्धा आपोआप आलेलं नाही. त्याचा ठराव १९९५ चा, एल टोरिटो नावाचा, फिनिक्स आणि आयबीएमचा. त्याच्या आधी, आणि नंतरही काही वर्षं, विंडोजची सीडी हातात असली तरी बूट फ्लॉपी लागायची.

मग विंडोज एक्सपीचा काळ आला, आणि हे लिहिताना आजपण मला तो निळा स्क्रीन डोळ्यासमोर दिसतो, स्टॉप ०x००००००७बी. साटाच्या, म्हणजे नव्या जोडणीच्या, डिस्क आल्या, त्यांच्याशी बोलायची एएचसीआय पद्धत आली, पण एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हरच नव्हता. बायोस डिस्क दाखवणार, सेटअप फाइली उचलणार आणि मध्येच निळं होणार. उपाय काय, तर सुरुवातीला एफ६ दाबायचं आणि फ्लॉपीवरनं ड्रायव्हर द्यायचा, आणि नवीन मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच नाही! मग बायोसमध्ये जाऊन साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करायचा. शिकाऊ पोरांना त्या काळात मी पहिलं हेच शिकवायचो, की बायोसला डिस्क दिसणं वेगळं आणि सेटअपला दिसणं वेगळं. दोघांचे डोळे वेगवेगळे.

बायोसची मोठी अडचण मात्र आणखी खोल होती. तो १६ बिटचा, १ एमबी मेमरीच्या चौकटीतला. इंटेलनं इटॅनियम प्रोसेसर करायला घेतला तेव्हा हे जुनं गाठोडं त्यावर चालेना, म्हणून त्यांनी नव्वदच्या दशकात नवीन फर्मवेअर, म्हणजे बायोसच्या जागी बसणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलं, ते ईएफआय. २००५ मध्ये ते सगळ्या कंपन्यांच्या फोरमकडं गेलं आणि यूईएफआय झालं. याला फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइली-फोल्डरांची मांडणी, वाचता येते. तो पहिल्या सेक्टरातला कोड शोधतच नाही, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ईएफआय पार्टिशनवर ठरलेली फाइल शोधतो, पेनड्राइव्हवर असेल तर ईएफआयच्या आत बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पेनड्राइव्हची अर्धी दुखणी कळतात. पेनड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केला तर बऱ्याच मशीनला तो दिसतच नाही, आणि फॅट३२ केला तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, आणि हल्लीच्या विंडोजची मुख्य फाइल ४ जीबीच्या वर जाती. म्हणून रुफस, म्हणजे बूट पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर, एनटीएफएसच्या शेजारी एक छोटंसं फॅटचं पार्टिशन टाकतो, ते कुणी फालतू समजून उडवू नका.

यूईएफआयबरोबर जीपीटी, म्हणजे एमबीआरच्या जागी पार्टिशनांची नवी यादी, आली. १२८ पार्टिशनांची जागा, ६४ बिटचे नंबर, आणि यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. जुन्या डिस्क चालाव्यात म्हणून सीएसएम नावाचा बायोसचा सोंगाड्या फर्मवेअरमध्ये ठेवला होता, पण २०२० पर्यंत तोही काढायचा असं इंटेलनं २०१७ लाच सांगून टाकलं.

त्याच्या आधी २०१२ ला विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट घरोघरी पोचलं. सही नसलेला बूटलोडर फर्मवेअर चालू देत नाही, का, तर विंडोजच्या आधीच येऊन बसणारे व्हायरस. कारण खरं आहे, मला ते पटतं. पण लिनक्सवाल्यांची पंचाईत झाली, मग मॅथ्यू गॅरेट वगैरे मंडळींनी शिम तयार केला, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सही असलेला छोटा लोडर, जो पुढं ग्रबला, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरला, तपासून आत घेतो. त्यामुळं उबुंटू, फेडोरा टाकायला आता सिक्युअर बूट बंद करायची गरज नसते. तरी कुणीतरी सांगितलंय म्हणून लोक पहिलं तेच बंद करतात, आणि विंडोजच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप (एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की मागत बसतं.

ताजं दुखणं व्हीएमडीचं, म्हणजे एसएसडी सांभाळणाऱ्या इंटेलच्या कंट्रोलरचं. इंटेलच्या ११ व्या जनरेशनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी त्याच्या मागं असती, सेटअपला ड्राइव्ह सापडत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं नवीन लॅपटॉपची एसएसडी खराब निघाली. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन लोड करा, लगेच दिसती. म्हणजे तेच एफ६, फक्त फ्लॉपी गेली. आणि आधीपासनं विंडोज चालू असलेल्या लॅपटॉपवर व्हीएमडी सहज बंद करू नका, ती विंडोज पुढच्या वेळी बूट घेणार नाही.

तर गणपती पेठेतली ती डिस्क. एमबीआरची, वर विंडोज ७, आणि नवीन मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू, सीएसएम बंद, म्हणून मशीन ईएफआयची फाइल शोधत होतं आणि ती या डिस्कवर नव्हतीच. मी सिक्युअर बूट बंद करून सीएसएम चालू केला तर लोगो आला, पासवर्डचा स्क्रीन पण आला, आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही मेलेले. २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरपासनं इंटेलच्या चिपसेटमधनं जुना यूएसबी कंट्रोलर गेला आणि विंडोज ७ च्या पोटात नव्याचा ड्रायव्हर नाही. त्या आधी दुसऱ्या एका दुकानात त्यांनी मशीन दाखवलं होतं, तिथं सेटअपनं ‘डिस्क एमबीआर आहे’ म्हटल्यावर सगळी पार्टिशनं डिलीट करून टाका असा सल्ला मिळालेला. सेटअपच्या त्या ओळीपाशी किती जणांचा डेटा गेला असेल, विचार केला की वाईट वाटतं, कारण विंडोज १० मध्ये २०१७ पासनं एमबीआर टू जीपीटी करायचं टूल आहे, डेटा न घालवता.

आम्ही तेही केलं नाही. नवीन एसएसडीवर जीपीटी करून विंडोज १० टाकली, जुनी डिस्क दुसऱ्या साटा केबलला लावली, आणि डी ड्राइव्ह उघडून दाखवली. अकरा वर्षांची फोल्डरं वर्षावार लावलेली. त्यांनी पहिलं २००८ चं उघडलं, मग २०१९ चं, मग घरी फोन लावला.