पदकाची मागणी इतक्या वर्षांनी का होते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात माजी सैनिकांचा मेळावा भरला की पेन्शनच्या तक्रारी आधी येतात. त्या संपल्या की एखादा पंचाहत्तरीचा हवालदार उठून म्हणतो, ‘एकाहत्तरला आमच्या पलटणीत मी जे केलं त्याचं मेडल मला मिळालं नाही.’ पुढे बसलेले अधिकारी अर्ज द्या म्हणतात. अर्ज दिला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. लोक याचा दोष आजच्या बाबूंच्या माथी मारतात. दोष काही प्रमाणात असेलही, पण खरी अडचण त्याहून बरीच जुनी आहे.

हा प्रश्न याच भागात वारंवार येतो, त्याला कारण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, 1768 ची. रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. भरती, कसम परेड, पेन्शनची कागदपत्रे, सगळे एकाच शहरात. 1956 मध्ये राज्यांची सीमा बदलली, केंद्र मात्र जागचे हलले नाही. डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात शिरलेल्या सैन्याची जमवाजमव बेळगावच्या आसपासच झाली. त्यामुळे इथल्या मराठी घरांत फौज ही तीन-तीन पिढ्यांची नोकरी आहे आणि पदक हा घराण्याच्या मानाचा विषय आहे.

रेजिमेंटची दोन नावे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी गोळीबारात जखमींना मागे आणले आणि पुढे शत्रूच्या चौक्या मोडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा सन्मान चार महिन्यांच्या आत जाहीर झाला, जाधव यांचा दोन-अडीच महिन्यांत. या वेगाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. शौर्य पाहणारा अधिकारी जिवंत होता, त्याने लगेच लिहिले आणि ते कागद वर गेले. घाडगे स्वतः मागायला उरले नव्हते, तरी काही अडले नाही.

स्वातंत्र्यानंतर चौकट बदलली, पण पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लिहायचे हा नियम तसाच राहिला. 26 जानेवारी 1950 रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्र स्थापन झाले, आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरले गेले. अशोक चक्राची मालिका 1952 ची; तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गांना 1967 मध्ये कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावे मिळाली. सेना मेडल 1960 मध्ये आले. राज्यघटनेच्या कलम 18 ने पदव्या बंद केल्या, पण लष्करी सन्मान त्यातून वगळले. या सगळ्यांत शिफारस वरच्याने करायची असते. कंपनी कमांडर लिहितो, कमांडिंग ऑफिसर सही करतो, मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, लष्कर मुख्यालय, संरक्षण मंत्रालय आणि शेवटी राष्ट्रपती. जवानाने स्वतःसाठी मागण्याची जागा या साखळीत नाही. फौजेत तसे मागणे शोभतही नाही, हे प्रत्येक शिपाई पहिल्याच वर्षी शिकतो.

मग ज्याचा कंपनी कमांडर त्याच लढाईत पडला, किंवा ज्याची तुकडी दुसऱ्या पलटणीला जोडलेली होती, त्याचे काय? त्याच्याबद्दल कुणी लिहिलेच नाही. तो गप्प राहिला, सर्व्हिस पुरी करून गावी आला, ऊस लावला, पोरांची लग्ने केली. मागायला हरकत नाही हे त्याला कळले ते साठी उलटल्यावर. तोवर सही करणारा साहेब वारला, साक्षीदार विखुरले. अर्ज उशिरा येतो याला आळस कारणीभूत नाही. मागण्याची मुभा फौज सोडल्यावरच मिळते.

इथे एक घोळ हमखास होतो. पदके दोन जातींची असतात. काही हक्काची: पात्रता भरली की मिळायलाच हवीत. 1965 चे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, 1971 चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, गोव्याच्या कारवाईसाठी जनरल सर्व्हिस मेडलवरची ‘गोवा 1961’ ही पट्टी, लांब सेवेची पदके, शत्रूच्या गोळीने जखमी झालेल्यासाठी पराक्रम पदक. दुसरी जात शौर्याची, ती कुणाचाच हक्क नाही. मेळाव्यात उठणाऱ्यांपैकी काहींचे खरे राहिलेले असते पहिल्या जातीतले, आणि ते मागतात दुसऱ्यातले. पहिल्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्र पुरते, कारण पात्रता नोंदीवरून ठरते.

हक्काचे पदक ओळखायची एक साधी खूण आहे. ते हातात घेऊन कडेवर फिरवून पाहावे. बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. सरकारी पदके वर्षानुवर्षे आली नाहीत म्हणून परेडसाठी अनेकांनी दुकानातून नक्कल विकत घेतली. तिची रिबन तीच, चकाकी जरा जास्तच, आणि कड कोरी. नातवंडांना फरक कळत नाही, आजोबांना कळतो.

नोंदींचीही एक गोम आहे. पूर्वी अनेक जवान सात-आठ वर्षे फौजेत आणि पुढची वर्षे रिझर्व्हमध्ये अशा करारावर असत; काही पेन्शनआधीच घरी आले. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रे 25 वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. मागे उरतो तो ‘लाँग रोल’, त्यात नाव-नंबर आणि सेवेचा ढोबळ तपशील. लढाईत कोण कुठे होता हे त्यातून निघत नाही. म्हणून ट्रंकेतले डिस्चार्ज बुक, दवाखान्याची जुनी चिठ्ठी, पलटणीचे पत्र या वस्तूंना किंमत येते. घराला नवा रंग देताना ज्यांनी ती ट्रंक भंगारात घातली त्यांचा अर्ज तिथेच अर्धा संपला.

दाद मागायची सोय 2007 च्या कायद्याने बदलली. सशस्त्र दल न्यायाधिकरण 2009 मध्ये सुरू झाले. मूळ आदेशानंतर सहा महिन्यांत यावे असा दंडक आहे, सबळ कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो. शौर्याचे मोजमाप न्यायाधीश करत नाहीत. शिफारस झाली होती का, ती वाटेत अडकली का, अहवालात कुणी फेरफार केला का, एवढेच ते पाहतात. कारगिलच्या एका ब्रिगेडियरच्या लढाईच्या अहवालाबाबत न्यायाधिकरणाने 2010 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, तो याच मुद्द्यावर. ज्याची शिफारस कधी लिहिलीच गेली नाही त्याच्यासाठी ही वाट अरुंद आहे.

अमेरिकेत 1996 पासून लोकप्रतिनिधीमार्फत मुदत उलटलेल्या शिफारशीही पुन्हा तपासायला लावता येतात, आणि 1997 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीय सैनिकांना सर्वोच्च पदक मिळाले. त्यांतला एकच तेव्हा हयात होता. ब्रिटनमध्ये पाच वर्षांपेक्षा जुन्या घटनेला सहसा पदक नाही. आपल्याकडे खासदाराचे पत्र लावतात. त्याने फाइल हलते, निकष हलत नाहीत.

मानाखेरीज यात पैशाचाही भाग आहे. ऑगस्ट 2017 पासून वीर चक्राचा मासिक भत्ता 7,000 रुपये, शौर्यासाठीच्या सेना मेडलचा 2,000. नवऱ्यामागे तो पत्नीला चालू राहतो. राज्य सरकारे आपापल्या परीने वेगळी रक्कम देतात, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे ती सारखी नसते.

सीमेचा आणखी एक जाच आहे. चंदगडचा माजी सैनिक न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो. तिथून हाकेच्या अंतरावरचा बेळगाव तालुक्यातला त्याचाच पलटणीतला जोडीदार कर्नाटकाचा रहिवासी म्हणून कोचीच्या खंडपीठाच्या कक्षेत येतो. रेजिमेंट एक, लढाई एक, रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच. पण वकील मल्याळी मुलखात शोधायचा. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले, एवढाच काय तो दिलासा.