निर्मूलनवादी आणि फ्री सॉइलवाले: एकाच पंगतीला बसवू नका

अमेरिकेच्या यादवी युद्धावर मराठीत काहीही वाचायला घ्या, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत नाहीतर लिंकनच्या जयंतीचा लेख, एक वाक्य ठरलेलं असतं: उत्तरेकडचे गुलामगिरीच्या विरोधात, दक्षिणेकडचे बाजूने. मग गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीविरोधी संपादक, लिंकन, कॅन्सासात जाऊन राहिलेले शेतकरी, सगळ्यांना एकाच पंगतीला बसवून लेखक मोकळा होतो. खरं तर यात दोन वेगळे गट होते: गुलामगिरी सगळीकडे संपवा म्हणणारे निर्मूलनवादी, आणि ती नव्या मुलखात पसरू देऊ नका एवढंच म्हणणारे फ्री सॉइलवाले. पुढे अडचण येतेच. मार्च १८६१ मध्ये शपथ घेताना लिंकन म्हणाला की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा माझा इरादा नाही. हे कसं काय? लेखक 'राजकीय नाइलाज' असं म्हणून पुढे सरकतो. नाइलाज नव्हता. त्याच्या रिपब्लिकन पक्षाच्या १८६० च्या जाहीरनाम्यातच ते लिहिलेलं होतं.

निर्मूलनवादी आपल्याला ठाऊक आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा डोळ्यांसमोर येतात ते हेच लोक. १८३१ पासून बोस्टनमधून निघणारं गॅरिसनचं साप्ताहिक 'लिबरेटर', १८३३ ची अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी. मागणी एका दमात सांगता येते: गुलामगिरी सगळीकडे, ताबडतोब संपवा, मालकांना भरपाई नको आणि सुटलेल्यांना आफ्रिकेत धाडणं नको. एवढं पुरे.

फ्री सॉइलवाले मात्र नीट समजून घ्यावे लागतात. मेक्सिकोशी युद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते. अध्यक्ष पोकने वाटाघाटींसाठी २० लाख डॉलर मागितले आणि ८ ऑगस्ट १८४६ रोजी पेनसिल्व्हेनियाचा डेव्हिड विल्मट या डेमोक्रॅट खासदाराने त्या विधेयकाला एक दुरुस्ती जोडली: मेक्सिकोकडून जो मुलूख मिळेल त्यात गुलामगिरी असणार नाही. हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ती मंजूर झाली, सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अडली. पण विल्मट गुलामांच्या कळवळ्याने बोलत नव्हता आणि त्याने ते लपवलंही नाही. आपल्या प्रस्तावाला तो स्वतःच गोऱ्या माणसाचा प्रस्ताव म्हणायचा. गोऱ्या कष्टकऱ्याला नवी जमीन मिळावी आणि तिथे त्याच्या शेजारी गुलाम राबताना नसावा, असा त्याचा मुद्दा होता. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात फ्री सॉइल पक्ष स्थापन झाला. त्याने अध्यक्षपदासाठी उभा केला मार्टिन व्हॅन ब्यूरन. याच व्हॅन ब्यूरनने १८३७ मध्ये अध्यक्ष होताना सांगितलं होतं की दक्षिणी राज्यांच्या इच्छेविरुद्ध राजधानीतली गुलामगिरी बंद करायचा कोणताही प्रयत्न मी होऊ देणार नाही. निर्मूलनवाद्यांनी असा उमेदवार निवडला असता का?

आता खरी गाठ. राज्य आणि टेरिटरी यांतला फरक कळला नाही, तर या काळातलं एकही भांडण कळत नाही. आणि मराठी लेखांत नेमका तोच गाळलेला असतो.

राज्यघटनेचा तेव्हाचा जवळजवळ सर्वमान्य अर्थ असा होता की राज्याच्या हद्दीतल्या गुलामगिरीवर काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, अधिकार नाही. व्हर्जिनियात गुलामगिरी ठेवायची की नाही ते व्हर्जिनिया ठरवणार. टेरिटरीचं तसं नव्हतं. टेरिटरी म्हणजे केंद्राच्या ताब्यातला, राज्य न झालेला प्रदेश. त्याचा गव्हर्नर अध्यक्ष नेमायचा आणि घटनेच्या चौथ्या कलमानुसार तिथले नियम काँग्रेस करायची. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: ५,००० सज्ञान मुक्त पुरुष झाले की स्थानिक विधिमंडळ, ६०,००० मुक्त रहिवासी झाले की राज्य. त्याच ऑर्डिनन्सच्या सहाव्या कलमाने तिथे गुलामगिरीला बंदी होती. म्हणजे मुलूख ताब्यात आल्यापासून तो राज्य होईपर्यंतच काँग्रेसला काही करता येत होतं. राज्य झालं की संपलं.

फ्री सॉइलवाल्यांचं सगळं राजकारण या मधल्या काळापुरतं होतं. जॉर्जियातल्या मळ्याला हात नाही, पण न्यू मेक्सिको, कॅन्सास, नेब्रास्का इथे गुलामगिरीला पाऊल टाकू द्यायचं नाही. निर्मूलनवाद्यांना ही रेघच मान्य नव्हती. पाप जॉर्जियातही पापच, असं त्यांचं म्हणणं. गॅरिसन तर मतदानही करत नसे. ४ जुलै १८५४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला त्याने भर सभेत राज्यघटनेची प्रत जाळली. फ्री सॉइलवाले त्याच घटनेतलं कलम दाखवून मतं मागत होते.

मग दक्षिणेला या मवाळ वाटणाऱ्या मागणीची एवढी धास्ती का? १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या होती ३९,५३,७६०. त्यांपैकी टेरिटऱ्यांमध्ये किती? युटात २९, नेब्रास्कात १५, कॅन्सासात २. एकूण ४६. या ४६ जणांसाठी देश फुटला नाही. भांडण पुढच्या पन्नास वर्षांचं होतं. कापसाने जमीन झिजते, मळेवाल्याला नवी जमीन लागते. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांत गुलामांचे भाव टिकून होते ते अलाबामा, मिसिसिपीकडच्या नव्या मळ्यांची मागणी होती म्हणून. पश्चिम बंद झाली की भाव पडणार. शिवाय सिनेट. तिथे प्रत्येक राज्याला सारख्याच जागा. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन आल्यावर १५ मुक्त राज्यं विरुद्ध १५ गुलामगिरीची राज्यं अशी बरोबरी होती. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि ती मोडली. पुढे मुक्त राज्यांचीच भर पडत गेली, तर एक दिवस घटनाही बदलता येईल, हे मळेवाल्यांना दिसत होतं. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात टेरिटरीतही काँग्रेसला बंदी घालता येणार नाही असा निकाल दिला. त्या निकालाने फ्री सॉइलवाल्यांची मागणी पुढे नेणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरवला.

फरक उघडा पाहायचा असेल तर ऑरेगन बघा. ९ नोव्हेंबर १८५७ रोजी तिथल्या मतदारांपुढे एकाच दिवशी तीन प्रश्न होते. पहिला, नवी राज्यघटना हवी का? हवी. दुसरा, गुलामगिरी हवी का? हो म्हणणारे २,६४५, नाही म्हणणारे ७,७२७. इथवर वाचून नोट्सवाले ऑरेगनला 'गुलामगिरीविरोधी' शिक्का मारून मोकळे होतात. तिसरा प्रश्न: मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येऊ द्यायचं का? हो १,०८१, नाही ८,६४०. गुलामगिरी नाकारणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय शेजारीही नाकारत होते. ते बंदीचं कलम घटनेत गेलं, १८५९ मध्ये ऑरेगन 'मुक्त' राज्य झालं, आणि कलम काढलं गेलं १९२६ मध्ये.

कॅन्सासची गोष्ट वेगळी नाही. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनमुळे तिथला प्रत्येक गुलामगिरीविरोधी वसाहतकार निर्मूलनवादी वाटतो. डिसेंबर १८५५ मध्ये याच वसाहतकारांनी टोपेका इथे तयार झालेली, गुलामगिरीला बंदी घालणारी घटना मंजूर केली. सोबत मुक्त कृष्णवर्णीयांना येऊ न देण्याचा प्रश्नही मतांना टाकला. बंदीच्या बाजूने १,२८७, विरोधात ४५३. ब्राउन या लोकांत अपवाद होता.

आणि लिंकन? १८५४ च्या पिओरियाच्या भाषणात त्याने गुलामगिरीला अन्याय म्हटलं, आणि त्याच भाषणात टेरिटऱ्या मुक्त गोऱ्या लोकांच्या घरांसाठी हव्यात असंही म्हटलं. स्टीफन डग्लसशी झालेल्या चौथ्या वादसभेत, सप्टेंबर १८५८ मध्ये, तो म्हणाला की अगदी शांततेच्या मार्गाने गेलं तर गुलामगिरी संपायला निदान शंभर वर्षं लागतील. निर्मूलनवादी १८३१ पासून 'आज' म्हणत होते. (हा स्टीफन डग्लस आणि फ्रेडरिक डग्लस यांची गल्लत करणारेही आहेत. एक इलिनॉयचा सिनेटर, गुलामगिरीचा निर्णय स्थानिक गोऱ्या वसाहतकारांवर सोडा म्हणणारा. दुसरा मेरीलंडमधून पळून आलेला गुलाम, वक्ता आणि संपादक. फोटो पाहिला तरी पुरे.)

आता उलट टोकालाही जाऊ नका. फ्री सॉइलवाले म्हणजे नुसते वर्णद्वेष्टे, असं हल्ली चतुराईने म्हटलं जातं, तेही तितकंच चूक. चार्ल्स समनर याच पक्षातून पुढे आला. त्याने १८४९ मध्ये बॉस्टनच्या शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध खटला लढवला. याच पक्षाचा वकील सॅमन चेस पळून आलेल्या गुलामांचे खटले चालवायचा. बफेलोच्या अधिवेशनाला फ्रेडरिक डग्लस स्वतः हजर होता. गुलामगिरी कोंडली की ती आपोआप मरेल, असा यांचा हिशोब होता. म्हणजे एकाच पक्षात कळवळ्याने आलेले होते आणि सरकारकडून १६० एकर जमीन मिळण्याच्या आशेने आलेलेही. म्हणून माणसाच्या नावावरून निष्कर्ष काढू नये, मागणीवरून काढावा. १८४६ ते १८६० मधलं भाषण किंवा ठराव हाती आला की आधी बघा: तो राज्यांबद्दल बोलतो की टेरिटरीबद्दल? मग बघा: सुटलेल्या माणसाने राहायचं कुठे आणि त्याला मत मिळणार का, याबद्दल तो काय म्हणतो, की गप्प बसतो?

बाकीचे फरक किरकोळ. निर्मूलनवाद्यांकडे सभा, पत्रकं, अर्जांवर सह्या. फ्री सॉइलवाल्यांकडे पक्ष आणि निवडणूक. त्यामुळे निर्मूलनवाद्यांत बायका व्यासपीठावर दिसतात. अँजेलिना ग्रिम्केने १८३८ मध्ये मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे भाषण केलं. फ्री सॉइल पक्षाची मतपेटी मात्र पुरुषांचीच.

दोघांच्या मागण्या पूर्ण झाल्या त्या तारखाही वेगळ्या आहेत, आणि त्या पाठ करायच्या असतील तर वेगळ्याच करा. १९ जून १८६२ रोजी काँग्रेसने टेरिटऱ्यांतली गुलामगिरी बंद केली. फ्री सॉइलवाल्यांचा विल्मटपासूनचा कार्यक्रम तिथे पुरा झाला. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरता होता. संघराज्यात राहिलेली केंटकी, डेलावेअर, मेरीलंड आणि मिसूरी त्यात नव्हती. मेरीलंडने १८६४ मध्ये आणि मिसूरीने जानेवारी १८६५ मध्ये स्वतःहून गुलामगिरी संपवली. केंटकी आणि डेलावेअर अडून बसली, गुलामगिरी देशभर बंद करणारी तेरावी घटनादुरुस्तीही दोघांनी फेटाळली. केंटकीत १८६० मध्ये २,२५,४८३ गुलाम होते. त्यांतले बरेच सैन्यात भरती होऊन सुटले. उरलेल्यांची सुटका झाली ६ डिसेंबर १८६५ रोजी, ती दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मंजूर केल्यावर.