वॉलेटमधली शिल्लक गायब झाली? तक्रार कुठे, कधी आणि कोणत्या कागदांनिशी

मोबाइल वॉलेट किंवा प्रीपेड कार्डातली शिल्लक अचानक कमी दिसली, तर आधी व्यवहारांची यादी उघडून पैसे नेमके कसे गेले ते बघा. तक्रारीचा मार्ग त्यावरच ठरतो.

पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत, तर ती चोरी नव्हे, अडकलेला व्यवहार आहे. वॉलेटमधून थेट केलेला असा व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत उलटवायचा असतो. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई, तीही न मागता, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक सांगतं. बरेच दिवस वॉलेट वापरलं नाही म्हणून ते बंद पडलं असेल, तर शिल्लक बुडत नाही. मुदत संपल्यावरही परतावा मागता येतो.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, तर मात्र घाई करा. बँकेतर कंपन्यांच्या वॉलेटसाठी जानेवारी 2019 चा नियम असा: तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर व्यवहाराची रक्कम किंवा 10,000 रुपये, यांतलं जे कमी ते तुमच्या माथी. त्यानंतर कंपनीचं धोरण. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. 3 तारखेला आला तर 6 तारखेपर्यंत मुदत. कळवल्यापासून 10 दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा, ही कंपनीची जबाबदारी. ग्राहकाची चूक होती हे सिद्धही तिनेच करायचं. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं कंपनीचं. फसवणूक असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आधी, बाकी सगळं नंतर.

कंपनीकडची तक्रार लेखी हवी, ॲपमधून किंवा ईमेलने. कस्टमर केअरशी तासभर बोललात तरी हातात तक्रार क्रमांक नसेल, तर पुढे त्याचा उपयोग शून्य. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं सीएमएस पोर्टल आहे, चौकशीला 14448. कागदी अर्ज चंदीगडच्या केंद्रात पोस्टाने जातो. 2021 च्या लोकपाल योजनेत उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत दिली होती, पण मुदतीच्या भरवशावर कशाला राहायचं?

फॉर्ममध्ये कंपनीकडे आधी तक्रार केली का, कोणत्या तारखेला, हे विचारतात. इथे ‘नाही’ लिहिलं की अर्ज तिथेच बाद. सोबत त्या तक्रारीची प्रत, आलेलं उत्तर, व्यवहार क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट आणि पोलिसांकडे गेला असाल तर तिथली पोच जोडा. हेच प्रकरण कोर्टात चालू नसावं. फी नाही आणि वकिलामार्फत अर्ज चालत नाही, त्यामुळे ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

गेममधली नाणी, खरेदीवर मिळालेले पॉइंट किंवा क्रिप्टो यांना हा लोकपाल लागू नाही. नाणी किंवा पॉइंट गेले, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग. क्रिप्टो चोरीला गेलं तर सायबर पोलीस.