बेकेट फक्त स्टेजचा नव्हता हो!

पुण्यात कुठल्याही नाटकवाल्या कट्ट्यावर बसा, एकजण तरी ठासून सांगणारच की आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेट म्हणजे स्टेज, रेडिओचं काम काय किरकोळ, पैशासाठी केलेलं. साफ चूक!

त्याचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक पॅरिसमध्ये १९५३ला आलं आणि नाव झाल्यावर बीबीसीसाठी त्याने 'ऑल दॅट फॉल' हे रेडिओनाटक लिहिलं, १९५७ला ब्रॉडकास्ट झालं, आणि ते मुळातच कानांसाठी लिहिलेलं, म्हणजे त्यातली म्हातारी मिसेस रूनी गप्प बसली की ती आहे की नाही हेच कळत नाही, ती गंमत स्टेजवर आणणार कशी? म्हणून तर तो ते स्टेजवर करायला नकार द्यायचा, लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या बड्या ब्रिटिश नटाने विचारलं तरी. त्यातल्या साउंडवर जी डोकेफोड झाली तिचा पुढे बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे खास साउंड तयार करणारा विभाग, १९५८ला सुरू व्हायला चांगलाच हातभार लागला.

आणि उलटंही झालंय बरं का. बेकेटने रेडिओवर पॅट्रिक मॅगी या आयरिश नटाचा आवाज ऐकला आणि त्यातून सुचलं 'क्रॅप्स लास्ट टेप', ज्यात एक म्हातारा टेपरेकॉर्डरवर स्वतःचाच जुना आवाज ऐकत बसतो. म्हणजे रेडिओने स्टेजला दिलेलं नाटक! त्याच्या 'एम्बर्स' या रेडिओनाटकाला तर १९५९ला प्री इटालिया या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 'राय' (RAI, इटलीची प्रसारणसंस्था) पारितोषिक मिळालं, तेही रेडिओसाठीच.