खाडीकाठच्या नोंदवह्या : कोकण किनाऱ्यावरील पक्षी आणि वनस्पती सर्वेक्षणाची पार्श्वभूमी

कोकणातल्या खाडीवर पाणपक्ष्यांची मोजणी करायची असेल तर दुर्बीण हाती घेण्याआधी तिथी पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखलाची मैदाने पुरती बुडतात आणि त्यांवर मैलभर विखुरलेले चिखल्या, तुतारी, शेकाटे मिठागरांच्या बांधांवर किंवा खाजणातल्या कोरड्या तुकड्यावर दाटीने येऊन बसतात. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला पाणी तेवढे चढत नाही, पक्षी पांगलेलेच राहतात आणि त्याच जागेची, त्याच पक्ष्यांची मोजणी वेगळाच आकडा देते. मासेमारी करणाऱ्या कोळी-खारव्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. किनाऱ्याच्या शास्त्रीय नोंदींमध्ये मात्र भरतीच्या वेळेला मानाचे स्थान मिळायला फार काळ जावा लागला. झाडांची वही आणि पक्ष्यांची वही शंभराहून अधिक वर्षे वेगवेगळ्या हातांत राहिली, हे या उशिराचे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

झाडांची वही आधी उघडली गेली आणि तिच्यामागे औषधांची गरज होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यानंतर शतकभराने मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने त्या किनाऱ्यावरील वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ‘हॉर्टस मलबारिकस’चे हे खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. किनाऱ्याच्या वनस्पतिज्ञानात इथल्या माणसांचा वाटा किती मोठा होता याचा इतका जुना छापील पुरावा आपल्यापाशी आहे, ही बाब मराठी वाचकांपर्यंत अजून पुरेशी पोहोचलेली नाही. पक्ष्यांना औषधी मोल नव्हते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला या काळात जवळजवळ काहीच आले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन्ही वह्या एकाच वेळी भरू लागल्या. डालझेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये आला, तर जेर्डनचे भारतीय पक्ष्यांवरील खंड १८६२ ते १८६४ या काळात आले. तरीही कोकणाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १८८०. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. व्हिडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी त्या वर्षी ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दिली. रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियरही त्याच वर्षी बाहेर पडला आणि त्यातला बराच मजकूर याच अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरला होता. शेती, बंदरे, झाडे आणि पक्षी हे सारे एका माणसाच्या नजरेखालून गेल्याचे असे उदाहरण विरळा.

ह्यूम स्वतः १८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर आले होते आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरही गेले होते. सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांची वीण आणि गुहांतून घरटी करणाऱ्या पाकोळ्या यांसाठी ही बेटे पुढे प्रसिद्ध झाली. त्या काळचे सर्वेक्षण मुख्यतः बंदुकीने होत असे. पक्षी मारायचा, कातडे भरून ठेवायचे, अंडी गोळा करायची, नाव ठरवायचे. ह्यूमनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात पक्षी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांहून अधिक नमुने होते. या पद्धतीने जातींची ओळख पक्की झाली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण एखादी जात ‘सामान्य’ आहे असे यादीत लिहिले तर त्या शब्दामागे शंभर पक्षी होते की दहा हजार, ते तिवरांत, म्हणजे खाऱ्या चिखलातल्या झाडांत, दिसले की उघड्या चिखलावर, हे बहुधा कळत नाही. आजच्या मोजणीची तुलना करायला बसले की ही उणीव जाणवते आणि ती आता भरून निघण्यासारखी नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. आठ संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. सोसायटीच्या नियतकालिकात फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी १९०५ मध्ये मुंबई इलाख्यातील खारफुटीवर, म्हणजे तिवरासारख्या खाडीकाठच्या झाडांवर, लेख लिहिला आणि या झाडांकडे केवळ नावांची जंत्री म्हणून न पाहता, खाऱ्या दलदलीत ती जगतात कशी या अंगाने पाहिले. थिओडोर कुक यांचा इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या वर्षांत भागाभागाने प्रसिद्ध झाला. पक्ष्यांच्या बाजूने सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांची मुंबई व साष्टीतील पक्ष्यांवरील लेखमाला १९३६ पासून त्याच नियतकालिकात आली. त्याआधी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अलींनी सुगरणीच्या विणीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले होते. एकाच जागी बसून, तारीखवार, पक्षी न मारता केलेली ती नोंद पुढच्या सर्वेक्षणांना वळण देणारी ठरली.

मोजणीला नियमितपणा मात्र १९८७ पासून आला. आशियाई पाणपक्षी गणना त्या वर्षी सुरू झाली आणि दर जानेवारीत ठरावीक पाणथळींवर जाऊन आकडे लिहिण्याची शिस्त स्वयंसेवकांना लागली. योगायोगाने भारतीय वन सर्वेक्षणाचे खारफुटीचे उपग्रहीय मोजमापही त्याच वर्षीपासूनचे. त्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील खारफुटी २००१ मध्ये ११८ चौरस किलोमीटर होती, ती २०२१ मध्ये ३२४ झाली. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना, खारफुटीची तोड रोखणारा उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष यांचे श्रेय या वाढीत निश्चित आहे. मात्र चित्रांचा आणि अर्थ लावण्याच्या तंत्राचा दर्जा सुधारल्याने पूर्वी निसटलेले पट्टेही आता मोजले जातात, हे ध्यानात न घेता दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे चुकीचे होईल.

ठाण्याच्या खाडीत दोन्ही वह्या एकमेकींना भिडल्या. शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलावर १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१९ च्या जानेवारीत त्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात मोजली गेली. खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेला. इथली खारफुटी बहुतांशी तिवराची. गाळ साचून चिखल उंचावला की तिवराची रोपे त्यावर पुढे सरकतात, आणि त्या प्रमाणात रोहित व किनारपक्ष्यांची चरण्याची उघडी जागा कमी होते. बगळे-ढोकरींना तीच झाडे विश्रांतीला आणि विणीला लागतात. म्हणजे हिरवे क्षेत्र वाढले हे एका पक्षिगटाला लाभाचे, तर दुसऱ्याला तोट्याचे ठरू शकते, आणि हे केवळ झाडे मोजून किंवा केवळ पक्षी मोजून कधीच कळले नसते. म्हणून आता रोपांचे चौरस आखणारे आणि दुर्बीण लावणारे एकाच नकाशावर काम करतात, आणि प्रत्येक नोंदीसोबत भरतीची पातळीही लिहिली जाते.

वाळूच्या किनाऱ्यांचे काम याहून मागे आहे. मर्यादवेल, केवडा, उंडी यांची मूळची झाडोरी आणि नंतर लावलेली सुरूची बने यांत पक्ष्यांचे प्रमाण कसे बदलते याच्या सलग नोंदी थोड्याच जागी झाल्या आहेत. तरी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. कोकणात काकण म्हणून ओळखला जाणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्याच्या उंच झाडांवर घरटे बांधतो आणि तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या गरुडाच्या सर्वेक्षणासाठी २००२ मध्ये वेळास येथे गेले असता त्यांना कासवांची वीण होत असल्याचे आढळले, आणि त्यातून तिथले कासवसंवर्धन उभे राहिले. मूळ कामाची म्हणजे घरट्यांची नोंदही त्यांनी पुढे नेली. अशा नोंदीत घरटे कोणत्या झाडावर आहे, ते झाड कोणाच्या आवारात आहे आणि पुढच्या हंगामात ते उभे आहे का, हे तीन रकाने असायलाच हवेत. आंबा, उंडी किंवा सुरू तोडला गेला की गरुडाची जोडी त्या गावातून नाहीशी होते, आणि पक्ष्यांच्या वहीतली ती रिकामी ओळ समजून घ्यायला झाडांची वही शेजारी उघडी ठेवावी लागते.