‘आय लव्ह रॉक अँड रोल’ जोन जेटचं नव्हे

बेळगावात कॉलेजच्या गॅदरिंगला हे गाणं वाजलं की टिळकवाडीचा कुणीतरी जाणकार ठासून सांगतोच : अमेरिकन रॉक गायिका जोन जेटनं स्वतः लिहिलंय की हो! नाही. लिहिलं अ‍ॅलन मेरिल आणि जेक हूकर यांनी. त्यांच्या ‘अ‍ॅरोज’ बँडनं ते १९७५ मध्ये काढलं. जोननं ते पुढच्या वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात टीव्हीवर पाहिलं. तिचं रेकॉर्डिंग १९८२ मध्ये अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणून हा घोळ. मूळ गाण्यात नाचते ती मुलगी. जोननं तिचा मुलगा केला. ‘क्रिमझन अँड क्लोव्हर’ या तिनं गायलेल्या दुसऱ्या उसन्या गाण्यातली मुलगी मात्र तिनं मुलगीच ठेवली. धाडस ते! आणि ‘ती फक्त उसनी गाणी गाते’ हीसुद्धा थापच. ‘बॅड रेप्युटेशन’ लिहिण्यात तिचाही हात आहे.